राष्ट्रीय दर्जाची झाडलोट

जयपुरात राहायचं तर झाडूबद्दल ठाम मत असावं लागतं. पुण्यात होते तोवर माझं तसं काही मत नव्हतं. तिथे केर काढला की तो निघायचा. इथे तो निघत नाही, नुसता जागा बदलतो. उन्हाळा तोंडावर आला की पश्चिमेकडून आंधी यायला लागते. आकाश तपकिरी होतं, घरभर खिडक्या लावायची पळापळ होते, आणि सगळं घट्ट बंद करूनही दहा मिनिटांनी जेवणाच्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. मग झाडू. संध्याकाळी पुन्हा झाडू. कोणत्या फरशीला कोणता झाडू चालतो, कोणता लवकर गळतो, कोणता नवा असताना स्वतःच कचरा करतो, याविषयी इथल्या बायका ज्या बारकाव्याने बोलतात तो मी आपल्याकडे फक्त पैठणीच्या दुकानात ऐकलाय.

तेव्हा, झाडू मारण्याची एक राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असते, ती खास पुरुषांची असते, लोक तिकीट काढून ती बघायला जातात आणि टीव्हीवर तिचं थेट प्रक्षेपण होतं, हे कळल्यावर मी पोळ्यांचा गॅस बंद करून बाहेर आले.

खेळाचं नाव कर्लिंग, देश कॅनडा आणि स्पर्धेचं नाव ब्रायर. हे सगळं आमच्या घरात आणलं माझ्या नवऱ्याच्या भाच्याने. तो विनिपेगला असतो. तिथे हिवाळ्यात उणे तीस ही बातमी नसते, नुसता मंगळवार असतो. अशा गावात माणसं घरात बसून वेडी होऊ नयेत म्हणून कर्लिंगचे क्लब आहेत, आणि भाचा तिथे ऑफिसच्या टीमकडून खेळतो. त्याने मामाला नाद लावला. ब्रायर साधारण फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे सामना आणि आमच्या घरची झाडलोट या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात.

दृश्य असं असतं. नवरा सोफ्यावर, दोन्ही पाय वर घेऊन, कारण खालून बाई झाडू मारत असतात. समोर पडद्यावर धट्टेकट्टे दाढीवाले पुरुष कंबरेत वाकून, दातओठ खात झाडू मारत असतात. आणि नवरा ओरडत असतो, "मारो, मारो, ज़ोर से मारो!" कॅनडाच्या माणसांना उत्तेजन द्यायला हिंदी का लागतं, हे मला कळलेलं नाही. पहिल्या दिवशी बाई थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "भाईसाहब, मार तो रही हूँ."

मग त्यांनीही पडद्याकडे पाहिलं. झाडूवर दोन्ही हात टेकून, एका जाणकाराने दुसऱ्याचं काम बघावं तसं बराच वेळ पाहिलं. आणि विचारलं, "भाभीजी, फ़र्श तो साफ़ है. ये लोग झाड़ क्या रहे हैं?"

कर्लिंगबद्दल याहून मुद्द्याचा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

आधी खेळ थोडक्यात सांगते. बर्फाची एक लांब, अरुंद पट्टी असते, सुमारे 45 मीटर लांब आणि 5 मीटरहून थोडी कमी रुंद. पलीकडच्या टोकाला बर्फातच रंगीत वर्तुळं रंगवलेली असतात. या वर्तुळांना ते 'हाउस' म्हणतात. एका संघात चार जण, प्रत्येकाच्या वाट्याला दोन दगड. ग्रॅनाइटचा गोल, वरून मूठ बसवलेला, जवळजवळ 20 किलोंचा दगड अलीकडच्या टोकावरून सरकवत सोडायचा. आळीपाळीने दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की बघायचं, मधल्या बिंदूला सगळ्यात जवळ कोणाचा दगड आहे. त्या संघाला गुण. असे दहा डाव. दगड सोडल्यावर पलीकडे पोचायला पंचवीसेक सेकंद घेतो. आमच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते आणि लोक ती बघायला जगभरातून येतात. त्या मानाने कर्लिंग भलतंच वेगवान म्हणायचं.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. तो बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी एक माणूस पाठीवर टाकी घेऊन उलट्या पावलांनी चालत त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतो. ते गोठून बर्फावर पुरळ उठल्यासारखे कण तयार होतात. दगडाचं बूड खोलगट असतं, त्याची फक्त एक अरुंद कड या कणांवर टेकते. पुढे दोघांनी जोर लावून घासलं की बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड आणखी काही फूट पुढे जातो आणि कमी वळतो. म्हणजे झाडू कचऱ्यासाठी नाही, दगडाच्या वाटेसाठी. कुठे केसाचा तुकडा वगैरे पडला असेल तर तोही निघतो. पण तो वरकड फायदा. झाडूने दगडाला स्पर्श मात्र करायचा नाही. नुसतं पुढे पुढे वाट करत राहायचं.

बाईंना हे पटलं. "मतलब काम करते हैं," त्या म्हणाल्या आणि सोफ्याच्या खाली वळल्या.

मला पटायला थोडा वेळ लागला, कारण माझं लक्ष झाडूवाल्यांकडे नव्हतंच, पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या चौथ्या माणसाकडे होतं. त्याला स्किप म्हणतात. तो कर्णधार. तो वर्तुळात उभा राहून दगड कुठे यायला हवा ते आपल्या झाडूने दाखवतो. दगड निघाला की तो तिथूनच ओरडतो: मारा, थांबा, मारा, अजून, अजून! दोन माणसं त्याच्या ओरडण्यावर पळत घासत येतात. त्याचा झाडू हा मुख्यतः बोट दाखवण्यासाठी असतो. घाम बाकीच्यांना.

हा माणूस मी कुठेतरी पाहिलाय असं सारखं वाटत होतं. मग शेजारी पाहिलं. दिवाळीच्या आधी घर आवरताना आमच्याकडे हेच होतं. एक जण हॉलच्या टोकाला उभा राहतो, माळ्यावरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "तिथे अजून आहे." बाकीचे घासतात. मराठी घर असो की मारवाडी, स्किप जन्माला येतोच. त्याला निवडावं लागत नाही, शिकवावंही लागत नाही.

पण मी काही सामने नीट पाहिले आणि एक गोष्ट ध्यानात आली, ती नवऱ्याला अजून पूर्णपणे कबूल नाही. लांब उभ्या असलेल्या स्किपला दगडाची दिशा दिसते. वेग दिसत नाही. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग ओळखणं फार कठीण असतं. तो कळतो दगडाच्या शेजारून वाकून चालणाऱ्या झाडूवाल्यांना. म्हणून कर्लिंगमध्ये ओरडणं दोन्ही बाजूंनी असतं. झाडूवाले पळता पळता सांगतात, दगड कुठवर पोचेल. स्किप सांगतो, कुठे वळतोय. आणि या देवाणघेवाणीतून ठरतं, घासायचं की झाडू वर उचलायचा. चांगले संघ बघितले तर स्किप जितका बोलतो तितकाच ऐकतो. आमच्याकडच्या स्किपच्या कारकिर्दीत हा भाग राहून गेलाय. माळ्यावर किती धूळ आहे ते माळ्यावर चढलेल्या माणसाला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

खेळाचा आणखी एक नियम मला फार आवडला. वर्तुळाच्या मध्यरेषेपलीकडे गेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दगडापुढेही तुम्हाला झाडू मारता येतो. हेतू असा, की त्याने तुमच्या हाउसात मुक्काम न करता पुढच्या दाराने निघून जावं. जयपूर बघायला हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या संदर्भात मी यावर बराच विचार केला आहे. हवामहल झाला, आमेर झाला, नाहरगडावरून सूर्यास्त झाला, जोहरी बाजारातून लाखेच्या बांगड्या झाल्या, तरी दगड मध्यरेषेवर थबकलेलाच. पण आपल्याकडे पाहुणा निघाल्यावर लगेचसुद्धा केर काढू नये म्हणतात, मग तो बसलेला असताना त्याच्यापुढे काढणं तर फारच झालं. संस्कृती आड येते.

संस्कृती ब्रायरमध्ये सारखीच आड येते. दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, हे माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. ब्रायरमध्ये संध्याकाळी सातनंतर चार-चार पट्ट्यांवर एकाच वेळी झाडू चालतात, आणि तिथे लक्ष्मी जाण्याऐवजी येते. सुरुवातीला ती तंबाखूच्या कंपनीकडून आली. ब्रायर हे नावच मुळी त्या कंपनीच्या तंबाखूचं. तंबाखू गेली तेव्हा बियर आली, बियरनंतर मोबाइल फोन, फोननंतर कॉफी आणि डोनटवाले, आणि आता मांसाहारी उपाहारगृहांची एक साखळी. व्यसनं बदलत गेली, स्पर्धेचं नाव तेच राहिलं. जर्सीवर लावायला खेळाडूंना हृदयाच्या आकाराचं जांभळं चिन्ह मिळतं. मोठमोठे बाप्ये त्या चिन्हासाठी जन्मभर झुरतात, असं भाचा सांगतो.

पहिली ब्रायर 1927 साली टोरांटोत झाली आणि ती नोव्हा स्कोशियाने जिंकली. संघ प्रांतांचे येतात. ऑन्टारियोचे मात्र दोन येतात: एक ऑन्टारियोचा आणि एक नॉर्दर्न ऑन्टारियोचा. भाच्याला हे अजब वाटलं होतं. मामाने त्याला फोनवर सुनावलं, "रणजीत महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ असे एका राज्याचे तीन उतरतात, तेव्हा तुला काही वाटलं नाही ते?" अगदी उत्तरेच्या नुनावूटचाही संघ येतो. त्या प्रदेशाचं क्षेत्रफळ 20 लाख चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती 40 हजारांच्या आसपास. आमच्या शेजारच्या दोन-तीन कॉलन्यांत मिळून जास्त माणसं असतील. तो संघ सपाटून हरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मला तोच आवडतो.

नवऱ्याचा आवडता न्यूफाउंडलंडचा ब्रॅड गुशू. त्याने स्किप म्हणून सहा ब्रायर जिंकल्या आहेत. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये त्याचा संघ अंतिम फेरीत पोचला, तेव्हा त्याच्या प्रांताच्या सरकारने पोरांना सामना बघता यावा म्हणून शाळा दुपारीच सोडून दिल्या. संघाने सुवर्णपदक आणलं. झाडू मारणारे पुरुष बघायला शाळा सोडून देणारं सरकार असू शकतं, हे मी आमच्या बाईंना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही आणि मी आग्रह धरला नाही.

हे दगड येतात कुठून, तर स्कॉटलंडच्या आयर्शर किनाऱ्यासमोर समुद्रात एल्सा क्रेग नावाचं एक ओसाड बेट आहे, तिथून. माणसांची वस्ती नाही, समुद्रपक्षी मात्र अगणित. तिथला ग्रॅनाइट इतका घट्ट कणांचा की पाणी त्यात मुरत नाही. दगडात पाणी मुरलं, गोठलं आणि फुगलं तर दगड फुटतो. म्हणून हा हवा. ऑलिंपिकमध्ये हेच दगड वापरतात. आता दगडांच्या बाबतीत राजस्थानला कोणी शिकवायला जाऊ नये. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला गेला, जालोरचा ग्रॅनाइट घराघरांच्या ओट्यांवर आहे. इथे चांदपोलजवळ 'खजानेवालों का रास्ता' नावाची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना मूर्तिकारांची दुकानं, संगमरवराच्या पांढऱ्या धुळीत उभे असलेले अर्धवट गणपती, डोळे उघडायचे बाकी असलेले हनुमान. मी काही कामाने तिथे गेले होते आणि मोबाइलवर कर्लिंगच्या दगडाचा फोटो होता. एका वयस्क कारागिराला सहज दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"चक्की का ऊपर वाला पाट है," ते म्हणाले. "नीचे वाला कहाँ गया?"

मी म्हटलं, खालचा पाट नाही, याला बर्फावर सरकवतात.

"और पीसते क्या हैं?"

काही नाही, म्हटलं. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. मूठ बरोबर आहे, काम चांगलं आहे, पण जात्याचा एकच पाट घेऊन जाणारं गिऱ्हाईक त्यांच्या हिशेबात बसेना. तरी त्यांनी विचारलं, "कितने पीस चाहिए?" खरा व्यापारी तोच, ज्याला वस्तूचा उपयोग कळला नाही तरी मागणी कळते.

दगड का वळतो, हाही एक किस्सा आहे. सोडताना त्याला हलकीशी फिरकी देतात आणि तो संथपणे वळत जातो. खेळाचं नाव त्यावरूनच. स्टीलची वाटी ओट्यावर पालथी घालून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरकी देऊन सरकवून बघा. ती डावीकडे वळेल. बर्फावरचा दगड तीच फिरकी दिली तर उजवीकडे वळतो. असं का, यावर कॅनडात 1924 सालापासून शोधनिबंध निघताहेत. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की दगडाची पुढची कड बर्फावर बारीक तिरके ओरखडे काढते आणि मागची कड त्यांना धरून वळते. कॅनडातल्या शास्त्रज्ञांना ते मान्य झालं नाही आणि वाद चालू राहिला. आमच्या ओट्यावर वाट्यांचे प्रयोग बराच वेळ चालले. एक वाटी पोचे पडून बाद झाली. त्या दिवशी मात्र स्किप स्वतः ओटा पुसत होता.

आता पुन्हा झाडूकडे येते. माझा जीव तिथेच आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. तिला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. इथेही बुहारीचे असेच सोहळे आहेत. ती उभी ठेवायची नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. जोधपूरजवळ मोकलावास गावात 'अरना झरना' नावाचं एक संग्रहालय आहे. राजस्थानच्या लोकजीवनाचे मोठे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून ते उभं राहिलं, आणि त्याची सुरुवात कशाने झाली असेल, तर झाडूंनी. तलवारी, पगड्या, हत्तीच्या अंबाऱ्या यांची संग्रहालयं राजस्थानात पैशाला पासरी आहेत. या माणसाला वाटलं, कोणत्या भागात कोणत्या गवताचा, कोणत्या काटकीचा झाडू होतो, तो कोण बांधतं, तो घरातला की अंगणातला, यावरून अख्खं वाळवंट समजून घेता येईल. आणि येतंच.

त्यातून दुसरंही एक समजतं, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. आपण झाडूची पूजा करतो, पण झाडू हातात कोणी धरायचा हे शतकानुशतकं जन्मावरून ठरवत आलो. वस्तू लक्ष्मी आणि धरणारा हात वेगळा, असा हा आपला हिशेब. महाराष्ट्रात गाडगेबाबांनी तो उलटा करून दाखवला. गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन, दिवसभर गल्ल्या झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला फैलावर घ्यायचे. दिवसा वेगाचा अंदाज घेतल्यावरच रात्री दिशा दाखवायची, असं कर्लिंगच्या भाषेत म्हणता येईल. आमच्या बाईंना मी गाडगेबाबांचा फोटो दाखवला होता. त्यांनी सगळ्यात आधी खराट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यह आँगन वाला है."

कॅनडात झाडूवरून एकदा मोठाच गदारोळ झाला. तिथले झाडू आता आपल्या झाडूसारखे राहिलेले नाहीत. पूर्वी गवताचे होते, आता काठीच्या टोकाला कापडाची उशी असते. 2015 च्या सुमारास काही कंपन्यांनी असं खरखरीत कापड काढलं, की झाडूवाले दगड जवळजवळ हवा तिकडे नेऊ लागले. दगड सोडणाऱ्याचं कौशल्य गेलं कुठे, अशी बोंब झाली. कितीतरी अव्वल संघांनी आपणहून जाहीर केलं, की आम्ही असे झाडू वापरणार नाही. अखेर 2016 च्या मे महिन्यात ऑन्टारियोत केम्टव्हिल इथे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांना घेऊन तपासणी बसली आणि सर्वांना एकच प्रमाणित कापड ठरलं. या प्रकरणाला तिकडे 'ब्रूमगेट' म्हणतात. झाडू फारच चांगला साफ करतो अशी तक्रार जयपुरात कोणी करेल, असं मला वाटत नाही.

त्या संघांनी आपणहून नकार दिला, यात भाच्याला काही विशेष वाटलं नाही. त्याच्या क्लबात नवख्याला सगळ्यात आधी हेच शिकवतात: झाडू किंवा बूट दगडाला लागला, तर पंचाची वाट न बघता स्वतः सांगायचं. सामना हातातून गेलाय असं दिसलं तर शेवटपर्यंत ताणायचं नाही, हात पुढे करायचा. आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला पाजायचं. नवरा क्रिकेटच्या वातावरणात वाढलेला आहे. बॅटची कड लागली असूनही पंचाच्या तोंडाकडे निरागसपणे बघत उभं राहणं ही त्याच्या लेखी एक कला आहे. त्याने हे ऐकून बराच वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं, "आणि समोरच्याने नाही सांगितलं तर?" भाचा म्हणाला, "मामा, मग पुढच्या गुरुवारी त्याच्याबरोबर कोण खेळणार?"

जयपूरचा आणि चार माणसांच्या संघाचा संबंध नाही असं नाही. पोलोतही चारच जण असतात. 1933 साली सवाई मानसिंग, हणूतसिंग, अभयसिंग आणि पृथीसिंग हा जयपूरचा चौकडा इंग्लंडला गेला आणि तिथल्या हंगामातल्या मोठ्या खुल्या स्पर्धा जिंकून आला. पण ते घोड्यावर बसलेले चौघे. झाडणारे मागे राहिले, त्यांच्या तबेल्यांत. घोड्याच्या आणि झाडूच्या खेळात मला कोणता शहाणा वाटतो, हे मी रामबागच्या मैदानाजवळून जाताना मोठ्याने बोलत नाही.

जयपुरात कर्लिंग खेळायला बर्फाचीच अडचण म्हणाल तर ती कॅनडावाल्यांनाही सांगण्यासारखी राहिलेली नाही. 2025 च्या फेब्रुवारीत हार्बिनला आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. पुरुषांच्या कर्लिंगमध्ये सौदी अरेबिया आणि कतारचे संघ उतरले होते, आणि सुवर्णपदक कोणी नेलं, तर फिलिपिन्सने, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. जिथे बर्फ फक्त सरबतात असतो असा देश. जागतिक कर्लिंग संघटनेच्या सदस्यांत भारताचंही नाव आहे. आपल्याकडे सिमल्याला 1920 पासूनचं नैसर्गिक बर्फाचं मैदान आहे, डेहराडूनला छपराखालचंही आहे, पण ती स्केटिंगची. कर्लिंगचा तो पुरळ उठलेला बर्फ सोवळ्यातला, त्यावर कोणी स्केट घालून फिरलं की संपलं.

आणि बर्फच नसेल तरी काय झालं! 1842 मध्ये व्हिक्टोरिया राणी स्कॉटलंडच्या दौऱ्यावर होती. स्कूनच्या महालात यजमानांनी तिला हा खेळ दाखवला तो नाचघराच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर. राणीने स्वतः दगड सरकवून पाहिला आणि तो तिला जड गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या कर्लिंग क्लबाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. महालांच्या गुळगुळीत जमिनी हा निकष असेल, तर जयपूरचा विचार फार आधीच व्हायला हवा होता. नवऱ्याने ही कल्पना एका परिचितांकडे मांडली. ते एका हवेलीचं हॉटेल चालवतात. त्यांनी फरशी कधीची आहे ते सांगितलं, दगडाचं वजन विचारलं आणि चहा मागवला.

मग गेल्या आठवड्यात विनिपेगहून फोन आला. पुढच्या हिवाळ्यात मामा-मामींनी तिकडे यावं, मामाला क्लबात खेळायला न्यायची व्यवस्था झालेली आहे. नवरा सोफ्यावर उठून बसला. पाय जमिनीवर आले. त्याने तत्काळ सांगितलं, की तो स्किप म्हणून खेळेल, त्याला दिशेचं उत्तम भान आहे.

"मामा, नवख्याला लीड खेळवतात," भाचा म्हणाला.

लीड म्हणजे काय, असं नवऱ्याने विचारलं, आणि मी फोन स्पीकरवर टाकला. लीड पहिले दोन दगड सोडतो, भाच्याने समजावलं. मग बाकीच्या तिघांचे सहा दगड जातात, त्या प्रत्येकापुढे लीडने झाडू मारायचा. क्लबात आठ डाव असतात.

म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाकून. हा हिशेब माझ्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून बाईंनी केला. त्यांना हसू आवरेना.

नवरा गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलू लागला. मी भाच्याला म्हटलं, "तू तारखा कळव. तिकिटं मी काढते."